आगीचे गणित केव्हा ढासळते



या स्मृतिव्याख्यानासाठी मी जरा रुक्ष वाटेल असा विषय निवडला आहे; पण त्यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.

इमारतीतली आग संगणकावर पेटवून पाहणे आता अग्निसुरक्षेच्या अभियंत्यांच्या नित्य वापरातले झाले आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ‘फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर’ ही प्रणाली २००० साली सर्वांसाठी खुली केली. खोलीचे लहान लहान कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यातील वेग, तापमान, धूर यांचा हिशेब पावलापावलाने पुढे न्यायचा, ही तिची रीत. हे पाऊल केवढे असावे? कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ सालीच अशा हिशेबाची मर्यादा सांगून ठेवली आहे. स्थूलमानाने, एका पावलात वायू एका कप्प्यापलीकडे जाता कामा नये. कप्पा १० सेंटिमीटरचा आणि वायूचा वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर पाऊल सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून मोठे चालत नाही. मर्यादा सुटली की बारीकशी चूक प्रत्येक पावलाला फुगत जाते आणि लवकरच वादळालाही लाजवील असे वेग बंद खोलीत दिसू लागतात. हीच संख्यात्मक अस्थिरता. ही प्रणाली वेग वाढताच पाऊल आखडते. ते फारच लहान झाले की गणित थांबवते.

थांबलेल्या गणिताची मला भीती वाटत नाही. ते आपला दोष ओरडून सांगते. खरी परीक्षा असते ती गणित सुरळीत संपते आणि उत्तर मात्र विपरीत येते तेव्हा.

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली आणि ३१ जणांचा बळी गेला. हार्वेल येथील संशोधकांच्या संगणकाने दाखवले, की ज्वाला सरळ वर न उसळता जिन्याच्या खोबणीत आडव्या पडून चढाने धावल्या. ज्वाला वर जाते हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तेव्हा जाणकारांपैकी काहींना ही प्रणालीचीच चूक वाटली, आणि तसे वाटण्यात वावगे काही नव्हते. मग बक्स्टन येथे एक तृतीयांश आकाराचा जिना उभारून पेटवण्यात आला. ज्वाला खरोखरच खोबणीत निजल्या! वरच्या तिकीट दालनात आग एकाएकी कशी झेपावली, याचा उलगडा तेव्हा झाला. लंडनच्या त्या रेल्वेवरचा अखेरचा लाकडी सरकता जिना मात्र ग्रीनफर्ड स्थानकात २०१४ सालापर्यंत चालू होता.