दोन यंत्रें, एक हिशेब



आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे. ज्याच्या घरीं लॅपटॉप आहे त्यानें टॅब्लेटहि आणला, तर त्या दोहोंत कामाची वांटणी कशी करावी, एवढाच तो प्रश्न. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु माझ्या घरीं त्यानें तीन भावांचा एक हिशेब बिघडविला, आणि म्हणूनच तो चारचौघांत बोलण्याजोगा आहे असें मला वाटतें.

शहादा तालुक्यांतील आमचें पुरुषोत्तमनगर सहकारी साखर कारखान्याभोवतीं वसलेलें आहे. येथें दिवस मोजले जातात ते उसाच्या तारखांनीं. लागण कोणत्या महिन्यांत झाली यावरून ऊस आडसाली, पूर्वहंगामी कीं सुरू हें ठरतें. आणि आडसाली ऊस तर सोळा ते अठरा महिने शेतांत उभा असतो. इतक्या लांब मुदतीच्या पिकांत आज केलेली नोंद वर्ष-दीड वर्षानें कामाला येते. ती चुकली असेल, तर चूक ध्यानांत येईपर्यंत माणसाची आठवण पुसट झालेली असते.

थोरले बंधू, मी आणि धाकटा अशा आम्हां तिघांची विहीर एक व मोटार एक. शेतीची वीज पाळीनें येते, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं. ज्यानें जितके तास पाणी घेतलें तितके तास त्याच्या नांवावर लिहावयाचे, आणि मोटार जळाली म्हणजे ती भरून आणण्याचा खर्च त्या तासांच्या प्रमाणांत वांटून घ्यावयाचा, अशी आमची वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. हिशेब लिहिण्याचें काम माझ्याकडे असतें. पूर्वीं वही होती. मग लॅपटॉप आला. आणि त्यानंतर टॅब्लेट.

टॅब्लेट आणल्यावर मीं जें केलें तें पुष्कळ जण करीत असतील. लॅपटॉपवरील तक्त्याची एक प्रत मीं त्यावर चढविली. विहिरीवर असतांना टॅब्लेटवर लिहावें, आणि घरीं निवांत बसल्यावर मागील चुका लॅपटॉपवर दुरुस्त कराव्या, असा क्रम चालला. दोन्ही प्रती आपापल्या परीनें खऱ्या होत्या, आणि दोन्ही अपुऱ्या होत्या. एके दिवशीं लॅपटॉपवरील दुरुस्त प्रत मीं टॅब्लेटवर घेतली, आणि मधल्या अकरा रात्रींच्या नोंदी तिच्याखालीं नाहींशा झाल्या. दैव असें कीं, त्या अकराहि रात्रीं पाणी माझ्याच शेताला होतें.

पुढें मोटार जळाली. खर्चाची वांटणी मांडली तेव्हां माझा वांटा कमी निघाला. थोरल्या बंधूंनीं कागद पाहिला. त्या रात्रीं मोटारीचा आवाज त्यांनीं अंथरुणांतून ऐकला होता. ते एवढेंच म्हणाले, “वही होती, तेव्हां खोडलेलें तरी दिसत असे.” त्यांनीं माझ्यावर आळ घेतला नाहीं. परंतु त्या दिवसापासून ते आपले तास विहिरीवरील खोलीच्या भिंतीवर कोळशानें लिहूं लागले. मीं माझा वांटा वाढवून पैसे भरले. भिंतीवरील रेघा मात्र वाढतच राहिल्या.

दोष यंत्रांचा नव्हता. दोन यंत्रें घरांत आणतांना कोणाचें काम कोणतें, हें मीं ठरविलें नव्हतें, हाच काय तो दोष. तें ठरवावयाचें तर प्रथम या दोहोंचा स्वभाव ओळखला पाहिजे.

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवावयाचा संगणक. परंतु त्याचें खरें स्थान मेजावर आहे. त्याला कळफलक असतो आणि तो दहाहि बोटांना कामाला लावतो. मराठी लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट नांवाची जी प्रमाण मांडणी आहे, तींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे ठेवलेलीं आहेत. त्यामुळें लिहितांना दोन्ही हात आळीपाळीनें चालतात. एकदां सवय झाली म्हणजे लांबलचक अर्ज, धड्याचें टिपण किंवा वर्षाचा जमाखर्च त्यावर सहज उरकतो. मात्र त्यासाठीं बैठक घालावी लागते. बांधावर उभें राहून लॅपटॉप चालविणें म्हणजे जातें डोक्यावर घेऊन दळण्यासारखें आहे.

टॅब्लेट ही कांचेची पाटी आहे. ती एका हातावर पेलतां येते, उभ्यानें वाचतां येते, तिच्यावर बोटानें खूण करतां येते, शेताचें छायाचित्र घेतां येतें, आणि चार शब्द तोंडानें बोलून उतरवूनहि घेतां येतात. तिच्या मर्यादाहि आहेत. बोट कांचेला लागलें म्हणजे तेथील विद्युद्भारांत किंचित् बदल होतो, आणि त्यावरून यंत्राला बोटाची जागा कळते. म्हणून ओलें वा चिखलानें भरलेलें बोट तिला नीट उमगत नाहीं. शिवाय आयपॅडच्या निर्मात्यांनीं आपलें यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंतच वापरावें असें सांगितलें आहे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० च्या पुढें जातो. तेव्हां दुपारीं ती पाटी उन्हांत ठेवूं नये. सांवलींत, फडक्यांत गुंडाळून ठेवावी.

ह्या दोन स्वभावांचा मेळ एकाच वस्तूंत घालावा, ही कल्पना जुनी आहे. १९७२ सालीं अमेरिकेंतील ॲलन के या शास्त्रज्ञानें मुलांसाठीं ‘डायनाबुक’ नांवाच्या यंत्राचें कल्पनाचित्र मांडलें. वहीसारखें हातांत नेण्याजोगें तें यंत्र होतें, आणि त्याला पडद्याबरोबर कळफलकहि होता. आजहि टॅब्लेटाला वेगळा कळफलक, टेंका आणि माऊस जोडून कित्येक जण तेंच करूं पाहतात. ज्याच्याजवळ दुसरें यंत्र नाहीं त्याला तें शोभतें. परंतु घरीं लॅपटॉप असतांना हा खटाटोप केला, तर पदरीं पडतो तो एक दुबळा लॅपटॉप, आणि हातची पाटी मात्र गमावते.

मग वांटणी कशी करावी? मला वाट दाखविली ती जुन्या पेढीवरील मुनिमाच्या रीतीनें. मुनीम दोन वह्या ठेवी. रोजकीर्दींत व्यवहार घडेल तसा, घडेल त्या क्रमानें लिहावयाचा. खतावणींत तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावयाचा. वह्या दोन असल्या तरी व्यवहार प्रथम लिहिण्याची जागा एकच. रोजकीर्दींतून खतावणीकडे जाण्याची वाट होती, परत येण्याची नव्हती. मीं टॅब्लेटला रोजकीर्द केलें आणि लॅपटॉपला खतावणी. पाण्याचे तास आतां फक्त विहिरीवर, फक्त टॅब्लेटवर लिहिले जातात. महिनाअखेर ते लॅपटॉपवर येतात आणि तेथें त्यांची बेरीज होते. नोंद चुकलेली आढळली तर ती लॅपटॉपवर गुपचूप बदलीत नाहीं. टॅब्लेटवर तारीख घालून, दुरुस्तीची वेगळी ओळ लिहितों. खोडलेलें पुन्हां दिसूं लागलें.

कोणी म्हणेल, आंतरजालावर एकच तक्ता ठेवला म्हणजे दोन्ही यंत्रांतून तोच उघडेल, मग एवढा सायास कशाला? जेथें संपर्क अखंड असतो तेथें तें उत्तम. परंतु विहिरीवर संपर्क तुटतो, आणि तुटलेल्या वेळांत दोन्हीकडे लिहिलें कीं पुन्हां दोन प्रती उभ्या राहतात. तेव्हां तक्ता कोठेंहि ठेवा. लिहिण्याची जागा एक असावी हा नियम सुटत नाहीं. शेतकऱ्याला तो अपरिचितहि नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत, गांव नमुना बारामध्यें जाणारी पिकाची नोंद शेतकरी स्वतः शेतांत उभा राहून, पिकाच्या छायाचित्रासह करतो. जेथें वस्तु तेथेंच नोंद, असें तिचें सूत्र आहे.

टॅब्लेटचा आणखी एक गुण आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्याच जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारची नोंदणी करतांना लॅपटॉपाशेजारीं बोटांचे ठसे घेणारें व बुबुळें टिपणारें अशीं निरनिराळीं यंत्रें मांडलेलीं असतात. आणि नोंदणीस आलेल्या माणसाकडे तोंड करून एक दुसरा पडदाहि ठेवतात. आपलें नांव, गांव, जन्मतारीख कशी लिहिली जात आहे हें त्याला तेथल्या तेथें पाहतां यावें, हा त्यांतला हेतु. लॅपटॉपचा पडदा लिहिणाऱ्याकडे पाहत असतो. टॅब्लेट मात्र समोरच्याच्या हातांत देतां येतो.

ज्यांच्यापुढें हाच प्रश्न आहे, त्यांनीं आठवडाभर एक कागद जवळ ठेवावा. दिवसांतून यंत्रावर जें जें काम पडेल तें लिहून त्यापुढें तीन उत्तरें मांडावीं: हें काम बसून होतें कीं उभ्यानें? यांत लिहिणें अधिक कीं पाहणें? हें दुसऱ्याला दाखवावयाचें आहे काय? बसून लिहावयाचीं कामें लॅपटॉपकडे जावीं. उभ्यानें टिपण्याचीं, वाचण्याचीं व दाखविण्याचीं टॅब्लेटकडे. घरांत शिकणारें मूल असेल तर बालभारतीच्या पुस्तकांच्या संगणकीय प्रती त्यानें टॅब्लेटवर वाचाव्या आणि निबंध मेजावर बसून लिहावा. एखाद्या दिवशीं लॅपटॉपवर लिहितांना शेजारीं टॅब्लेटवर मूळ कागद उघडा ठेवावा. पाहण्याची व लिहिण्याची जागा निराळी झाली कीं चुका कमी होतात. आणि आठवड्याअखेर सर्व कामें एकाच बाजूला पडलेलीं दिसलीं, तर दुसऱ्या यंत्राचे पैसे वांचवावे. तो निर्णयहि निर्णयच आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगून संपवितों. आतां महिनाअखेर मी टॅब्लेट घेऊन थोरल्या बंधूंकडे जातों आणि तो त्यांच्या हातीं देतों. ते चष्मा लावून बोटानें एकेक तारीख वर सरकवितात, मधूनच थांबतात, विचारतात, आणि दुरुस्ती असेल तर माझ्याकडून तेथेंच लिहवून घेतात. पहिले कित्येक महिने ते नंतर उठून भिंतीवरील रेघांशीं ती यादी ताडून पाहत. गेल्या दिवाळींत त्या खोलीला चुना दिला, आणि रेघा त्याखालीं गेल्या. कोळशाचा तुकडा खिडकींत अजून पडलेला आहे. तो उचलण्याची पाळी त्यांच्यावर पुन्हां येऊं नये, एवढें माझ्या दोन्ही यंत्रांकडून मला हवें आहे.