उन्हांत दिपणारा डोळा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल प्रथम थांबते तें स्थानक शहाड. तेथें उतरून उल्हासनगरच्या गाळ्यांत कामास जाणारे कारागीर पुष्कळ आहेत. अशाच एका गाळ्यांत, जीन्सच्या विजारींना धातूचीं बटणें ठोकण्याच्या यंत्रावर, गेल्या मार्गशीर्षांत एका कारागिराच्या तर्जनीचें पेर चेंगरलें. बोट जवळ येतांच यंत्र थांबावें म्हणून त्यावर एक ‘डोळा’ बसविलेला होता. तो बिघडलेला नव्हता, त्याची वायरही तुटलेली नव्हती. तरी त्यास बोट दिसलें नाहीं. कां दिसलें नाहीं, हें पाहण्यास मला बोलावणें आलें. तेथें जें सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

या डोळ्यास बाजारांत आयआर सेन्सर म्हणतात. नळाखालीं हात धरतांच पाणी सोडणारा, २०२० च्या साथींत दारोदारीं सॅनिटायझरचे थेंब टाकणारा, तो बहुधा हाच. त्याची रचना साधी आहे. एक बारीक दिवा आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुढें फेंकतो. समोर कांहीं असलें तर त्यांतले थोडे किरण परत फिरतात. दिव्याशेजारीं बसविलेला सिलिकॉनचा ग्राहक ते टिपतो व त्यांतील विद्युत्प्रवाह वाढतो. प्रवाहानें ठराविक मर्यादा ओलांडली, कीं वस्तु जवळ आली असें यंत्र समजतें. ही मर्यादा एका चिमुकल्या स्क्रूनें कमीजास्त करतां येते. या स्क्रूकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

अडचण अशी, कीं अवरक्त किरण ही कांहीं त्या दिव्याची मिरास नव्हे. विल्यम हर्शेल यानें १८०० सालीं लोलकांतून उन्हाचे रंग पाडले व तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं तेथें, थर्मामीटर ठेवला. पारा चढला. हे किरण माणसास प्रथम सांपडले तेच मुळीं उन्हांत. सूर्याची जी शक्ति भूमीवर पोंचते, तिच्यापैकीं सुमारें निम्मी अवरक्त असते. तिच्यापुढें त्या दिव्याचे परत फिरलेले किरण म्हणजे ढोलताशांत केलेली कुजबूज.

आतां गाळ्याची हकीकत. शटरचें तोंड नैऋत्येस. डोळा बसविला तो आषाढांत. आकाश ढगाळ, सूर्य उत्तरेकडे. चार महिने काम बिनबोभाट चाललें. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेस सरकला आणि दुपारीं चारच्या पुढें तिरपें ऊन शटरांतून थेट यंत्रापर्यंत येऊं लागलें. समोर बोट नसतांही डोळा बोट आहे असें सांगूं लागला व यंत्र अडून बसलें. कारागिरांस मजुरी नगावर. यंत्र अडलें म्हणजे पैसे अडले. “दुपारीं डोळा छळतो, दादा, म्हणून स्क्रू पिळला,” असें त्यांच्यापैकीं एकानें मला सरळ सांगितलें. स्क्रू पिळल्यानें मर्यादा वाढली व यंत्र चालूं लागलें. सायंकाळीं ऊन गेलें, मर्यादा मात्र उन्हाच्या मापाचीच राहिली. ती ओलांडण्याइतके किरण बोटावरून कोठून परतणार? साडेसातच्या सुमारास, ट्यूबलाइटखालीं, तो डोळा उघडा असून आंधळा झालेला होता.

त्या कारागिरांस दोष देणें मला प्रशस्त वाटत नाहीं. जें यंत्र रोज दोन तास खोटें बोलतें, त्याचें तोंड माणूस बंद करणारच.

उपाय पाहतांना दोन दुखणीं निराळीं ओळखलीं पाहिजेत, एरवीं औषध वायां जातें. पहिलें दुखणें हें, कीं उन्हाचे किरण दिव्याच्या किरणांत मिसळतात. दुसरें हें, कीं ऊन फार प्रखर झालें तर ग्राहकाची घागर कांठोकांठ भरते. मग दिवा लावा कीं विझवा, घागरींत थेंबाचाही फरक पडत नाहीं.

मिसळणुकीवरील उपाय तालाचा. सकाळच्या लोकलमध्यें एखादी भजनी मंडळी बसलेली असते. गाडीचा खडखडाट असतो, माणसांचा कलकलाट असतो, तरीही टाळांचा ठेका कानास वेगळा सांपडतो, कारण तो नियमानें पडतो. तद्वत् दिवा सतत न जाळतां सेकंदास ३८,००० वेळां लुकलुकविला, आणि ग्राहकास तेवढाच ताल ओळखावयास लावलें, तर स्थिर ऊन गळून पडतें. टीव्हीचा रिमोट बहुधा याच तालावर चालतो. याहून स्वस्त रीत वजाबाकीची. दिवा लावून एकदां मोजावें, विझवून लगेच पुन्हां मोजावें, व पहिल्यांतून दुसरें वजा करावें. येथें ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळां उजळते व मंदावते. दोन मोजण्यांमध्यें एका सेकंदाचा दोनशेवा भाग जरी गेला, तरी हातीं येणारी बाकी दिव्याची नसून ट्यूबलाइटची असूं शकते. इलेक्ट्रॉनिक चोकचे दिवे तर सेकंदास हजारों वेळां स्पंदतात, आणि कधीं कधीं रिमोटच्या तालाच्या फार जवळ येतात. त्यांच्या समोर ग्राहक न ठेवलेला बरा.

परंतु घागर भरलेली असेल तर ताल काय करणार? म्हणून सावली आधीं, गणित मागाहून. नवशिके बहुधा उलट्या क्रमानें जातात. प्रोग्राम दहा वेळां लिहितात, पण ग्राहकावर दोन बोटें लांबीची नळी चढवीत नाहींत. आम्हीं नळी चढविली, आणि तरीही फसलों. नळी काळ्या प्लास्टिकची होती. कित्येक काळीं प्लास्टिकें आपल्या डोळ्यास काळीं दिसतात, पण अवरक्तास कांचेसारखीं पारदर्शक असतात. रिमोटच्या तोंडावरील काळी पट्टी अशीच असते. अखेर पितळी नळीचा तुकडा आंतून काजळीच्या रंगानें रंगवून बसविला, तेव्हां सावली खरी पडली.

दिव्याची निवडही विचारपूर्वक करावी. बाजारांत ८५० व ९४० नॅनोमीटर लहरींचे दिवे मिळतात. उन्हांत ९४० चा घ्यावा. हवेंतील पाण्याची वाफ त्या लहरींच्या आसपास सूर्याचे किरण बरेच शोषून घेते, त्यामुळें उन्हाच्या गर्दींत तेथें जागा जराशी मोकळी असते. ग्राहकापुढें तेवढ्याच लहरी सोडणारी गाळणी ठेवली तर त्या मोकळ्या जागेचा पुरा लाभ मिळतो. ग्राहकाला जोडलेला रेझिस्टर लहान केला, म्हणजे घागर मोठी होते. बदल्यांत खूण क्षीण होते, ती भरून काढण्यास दिव्यास क्षणमात्र मोठा प्रवाह द्यावा व मग त्यास विसांवा द्यावा.

इतकें करूनही मला समाधान वाटेना. त्याचें कारण त्या कापडांतच सांपडलें. निळीनें रंगविलेलें जीन्सचें कापड आपल्यास गडद दिसतें, अवरक्तांत तें फिकें असतें व किरण चांगले परतवितें. बोटाची कातडीही परतविते. म्हणजे ऊन मुळींच नसतें, तरी कापड कोणतें व बोट कोणतें हें परतलेल्या किरणांच्या प्रमाणावरून ठरविणें भरंवशाचें नव्हतें. नळाखालच्या हातास जो डोळा पुरतो, तो ठोक्याखालच्या बोटास पुरत नाहीं. पाणी आलें नाहीं तर माणूस हात हलवितो. येथें हात हलविण्यास सवड नाहीं.

म्हणून रचनाच फिरविली. दिवा एका बाजूस, ग्राहक समोरच्या बाजूस, आणि कापडाच्या किंचित् वरून जाणारी किरणांची रेषा. ताल ऐकूं येतो तोंवरच यंत्र चालावयाचें. बोट आडवें आलें, दिवा जळाला, वायर सुटली, ऊन शिरून घागर भरली, कांहींही झालें तरी ताल तुटतो आणि यंत्र थांबतें. ऊन आतां बोटाचा घात करूं शकत नव्हतें, फक्त कामाचा खोळंबा करूं शकत होतें. पण खोळंबा झाला, कीं पुन्हा कोणी तरी स्क्रू शोधणार. तेव्हां ग्राहक शटरच्या बाजूस बसवून त्याचें तोंड आंतल्या भिंतीकडे केलें, व दिवा आंतल्या बाजूस ठेवला. ऊन ग्राहकाच्या पाठीवर पडूं लागलें. स्क्रू काढून टाकला व त्या जागीं ठराविक रेझिस्टर जोडून वर लाख ओतली.

हें सर्व तात्पुरतें होतें, हें मीं मालकांस बजावून सांगितलें. बोटांच्या रक्षणासाठीं प्रमाणित प्रकाशपडदे तयार मिळतात. ते स्वतःची तपासणी स्वतः करीत असतात, आणि आम्हीं गाळ्यांत बसून जुळविलेली जोडणी त्यांची बरोबरी करूं शकत नाहीं. पडदा मागविला गेला. तो येईपर्यंत ठोक्याभोंवतीं पत्र्याचें कुंपण केलें, त्यांतून कापड जाई पण बोट जात नसे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं, साडेचारला, ऊन यंत्रावर पुरतें आलेलें असतां, बोटाएवढ्या जाडीची लांकडी दांडी रेषेंत घालून आम्हीं पाहिलें. तीच कसोटी साडेसातला ट्यूबलाइटखालीं पुन्हां घेतली. दोन्ही वेळां यंत्र थांबलें. दांडी धरण्याचें काम, पट्टी बांधलेलें बोट बाजूस ठेवून, त्याच कारागिरानें मागून घेतलें होतें. ती दांडी आतां यंत्राच्या पायाशीं दोरीनें बांधलेली आहे, आणि सकाळीं पहिलें बटण ठोकण्यापूर्वीं ती रेषेंत घालून पाहिली जाते.