उपदेशाआधी श्रवण

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. ७०० श्लोकांच्या या ग्रंथाचा प्रारंभ उपदेशाने होत नाही. एका पराक्रमी पुरुषाच्या व्याकुळतेने होतो. त्याची गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, गांडीव हातातून निसटते आहे. या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्ण केवळ एकदा, तेही अर्ध्या श्लोकापुरते बोलतात. पुढे अर्जुन बोलत राहतो आणि श्रीकृष्ण ऐकत राहतात.

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला दोन श्लोकांत खडसावतात. परंतु तेवढ्याने अर्जुनाचा शोक जात नाही. तो पुन्हा आपली कोंडी मांडतो, गोंधळाची कबुली देतो आणि शिष्यभावाने मार्ग विचारतो. खरा उपदेश त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर निर्णय मात्र अर्जुनावरच सोपवला जातो. आधी ऐकणे, विचारल्यावर सांगणे आणि अखेर निर्णयाचे स्वातंत्र्य देणे, अशी ही तीन सूत्रे आहेत. आज ज्याला समुपदेशन म्हणतात, त्याचा गाभा याहून फारसा वेगळा नाही.

घराघरांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तो जेवायला सर्वांबरोबर बसत नाही, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. वडील म्हणतात, “आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला.” आई म्हणते, “रोज रामरक्षा म्हण, सगळं ठीक होईल.” आजोबा शेजारच्या मुलाचे उदाहरण देतात. प्रत्येकाच्या बोलण्यामागे माया असते; पण त्यातले प्रत्येक वाक्य मुलाचे बोलणे सुरू होण्याआधीच संपवते. मुलगा खोलीचे दार लावून घेतो. “सगळ्यांच्याच घरात असं असतं, सांभाळून घे,” हे माहेरी आलेल्या मुलीला ऐकावे लागणारे वाक्य त्याच जातीचे. तिला मारहाण होत असेल, तर असा सल्ला केवळ निरुपयोगी नव्हे, घातक ठरतो.

कार्यकर्त्याच्या घरी ही शक्यता अधिक असते. संपर्काच्या निमित्ताने तो दहा घरी जातो, लोकांची सुखदुःखे ऐकतो. अकरावे घर त्याचे स्वतःचे असते आणि तेथे पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. शिवाय ‘संस्कारी घरात असे काही होत नाही’ हा समज असतोच. अर्जुनावरील संस्कारांत काय उणे होते? विषाद हा दुबळेपणाचा पुरावा नव्हे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे दहा टक्के प्रौढ व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. यामागे तज्ज्ञांची कमतरता हे एक कारण, तर ‘लोक काय म्हणतील’ हे दुसरे. पहिले शासनाने दूर करायचे, दुसरे समाजाने.

कुटुंबाच्या मायेलाही मर्यादा असते, ती ओळखावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, तर तज्ज्ञांची भेट घ्यावी. समुपदेशक बोलण्यातून वाट दाखवतो. औषधांची गरज असल्यास मनोविकारतज्ज्ञ ती देतो. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी पडले, तर ते नाटक समजू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे शांतपणे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मन मोकळे होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि मदत मिळवण्यास विलंब लावू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. तेथे मराठीतही बोलता येते. उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे.

कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन, भजन व गप्पा असा आग्रह धरला जातो. तो योग्यच आहे. मात्र त्या बैठकीत घरातील ज्येष्ठांचे बौद्धिकच होणार असेल, तर ती गप्पांची बैठक राहत नाही. तेथे सर्वांत लहान असलेल्याने आधी बोलावे आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये.

त्या मुलाच्या बंद दाराशी वडिलांनी आज रात्री जावे. “काय वाटतंय तुला?” एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तेथेच बसून राहावे.