वयाचे दुखणे आणि धोक्याची खूण

उतारवयातील तक्रारी दोन प्रकारच्या असतात. गुडघे कुरकुरणे, झोप तुटक होणे, बारीक अक्षर न दिसणे ही हळूहळू आलेली आणि बराच काळ तशीच राहणारी दुखणी. दुसरा प्रकार धोक्याच्या खुणांचा. त्या ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे बदल: कालपर्यंत सहज जमत होते ते आज जमेनासे झाले का? बदल जितका अचानक, तितकी घाई जास्त. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हटले की दोन्ही प्रकार एकाच पांघरुणाखाली जातात.

हृदयविकाराच्या झटक्यात छातीवर दडपण येते, कळ हातात किंवा जबड्यात जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वृद्धांत, मधुमेहींत आणि स्त्रियांत छाती दुखेलच असे नाही. एकाएकी धाप लागणे, दरदरून घाम फुटणे, मळमळणे, जीव घाबरा होणे एवढीच लक्षणे असू शकतात. मराठी घरात याला ‘पित्त’ म्हणतात, बंगळूरमध्ये ‘गॅस्ट्रिक’. आणि सोडा पिऊन वाट पाहण्यात मोलाचा तास निघून जातो. अशा वेळी आधी ईसीजी काढायचा असतो, पित्ताचा विचार त्यानंतर.

अर्धांगवायूला कर्नाटकात ‘लक्व’ म्हणतात. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलला न जाणे, जीभ जड होऊन बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे या त्याच्या खुणा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर वेळ जाग आल्यापासून मोजत नाहीत. माणूस ठीक असल्याचे शेवटचे केव्हा पाहिले तिथपासून मोजतात. लक्षणे दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी तपासणी हवी.

इथे बंगळूरमधील राजाजीनगरच्या रहिवाशांना भूगोलाचा विचार करावा लागतो. हृदयासाठी जयदेव आणि मेंदूसाठी निम्हान्स या नामांकित संस्था आहेत, पण दोन्हींची मुख्य रुग्णालये शहराच्या दक्षिण भागात. गर्दीच्या वेळी तिथवर पोहोचण्यात औषधाची मुदत खर्ची पडते. म्हणून चोवीस तास ईसीजी आणि सीटी स्कॅन होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे घरातल्यांनी आधीच पाहून ठेवलेले बरे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

पडणे हा अपघात मानला जातो. पुष्कळदा ते आजाराचे लक्षण असते. उठून उभे राहताच घेरी येत असेल, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या, शरीरातील पाण्याचे प्रमाण यांचा फेरविचार करावा लागतो. पडल्यानंतर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याची दाट शक्यता असते. डोक्याला लागलेला मार किरकोळ वाटला तरी मेंदूभोवती रक्त हळूहळू साकळू शकते. काही आठवड्यांनी येणारी सुस्ती, डोकेदुखी किंवा चालण्यातील डगमग त्या जुन्या माराशी जोडून पाहावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागताच तपासून घ्यावे.

विसरण्याचेही दोन प्रकार आहेत. महिनोन्‌महिने वाढत जाणारा विसर, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जुळणे ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते; तरीही थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी आधी होते, कारण त्या उणिवा भरून काढता येतात. याउलट एक-दोन दिवसांत आलेली बडबड, गुंगी किंवा माणसे न ओळखणे ही तातडीची बाब. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, नवे औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. वृद्धांना संसर्गात ताप येतोच असे नाही.

काही खुणा मूकपणे येतात. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्के घटणे, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. अन्नावरची वासना उडणे, घास अडकणे, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, डांबरासारखे काळे शौच. मधुमेहीच्या पायाची संवेदना गेली असली, तर जखम दुखत नाही. तळवे रोज पाहावे लागतात. वाढलेल्या रक्तदाबाला तर बहुधा लक्षणच नसते. डोके दुखले तरच तो मोजण्याची सवय म्हणूनच फसवी.

मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. ‘कसंतरी होतंय’ हे परभाषेत पोहोचत नाही. कुठे, केव्हापासून, काय करताना एवढे सांगितले की काम होते. ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणे आणि ‘तले सुत्तु’ म्हणजे चक्कर, हे दोन कन्नड शब्दप्रयोग पाठ असावेत. सुरू असलेल्या गोळ्यांची यादी खिशात असली की पुढचे प्रश्न कमी होतात.

राजाजीनगरमध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. विमा योजनेत किमान पाच वर्षे काढून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी तिथली वैद्यकीय सेवा सुरू ठेवता येते. आजार येण्याआधी या सेवेचे कागद पूर्ण असले, म्हणजे खूण दिसताच निघता येते.