चटणीचं पान आम्हीच लिहिलं

मागच्या वेळी केंद्रावर आले तेव्हा कर्जाच्या कागदपत्रांबद्दल बोलले होते. त्यानंतर दोन-तीन गटांच्या बैठकीत बायांनी विचारलं, "ताई, ते लॅपटॉपवर इंग्रजीत काय खरडत बसता?" म्हणून आज तेच सांगते. रेडिओवर दाखवता काही येत नाही, तेव्हा डोळ्यांपुढे आणून ऐका.

सगळी सुरुवात एका फोन नंबरावरून झाली. सोलापूर जिल्ह्यातला आमचा गट शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी करून विकतो. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका मुलानं गटाचं इंटरनेटवरचं पान करून दिलं. पैसे घेतले, पण पानही चांगलं केलं, खोटं कशाला बोला. त्यावर नंबर होता तेव्हाच्या अध्यक्षबाईंचा. त्या पुढं लेकीकडे राहायला गेल्या आणि तो नंबर बंद पडला. त्यातच शेंगदाणे महागले, आम्ही पाव किलो चटणीचा दर ७० चा ९० केला. पानावर मात्र ७० च. मुलाला फोन केला की तो म्हणायचा, "उद्या करतो." मग तो नोकरीला लागला आणि त्याचा उद्या काही उगवला नाही.

दिवाळीआधी पुण्याच्या एका दुकानदाराला वीस किलो चटणी हवी होती. त्यानं पानावरचा नंबर चार दिवस लावला आणि मग दुसरीकडून माल घेतला. हे आम्हाला कधी कळलं, तर संक्रांतीच्या सुमारास, प्रदर्शनात तोच माणूस स्टॉलवर आला तेव्हा. आमच्या कोषाध्यक्ष मावशी ऐकून म्हणाल्या, "पाटी आपल्या दुकानाची, आणि खडू दुसऱ्याच्या खिशात." त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस किलो म्हणजे पाव किलोची ऐंशी पाकिटं, ऐन दिवाळीतली.

मी बी.ए. केलं ते मराठी घेऊन. संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी झालेलं, त्यात टायपिंग आणि तक्ते शिकलेले. सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर नवशिक्यांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, ८० रुपयांत. कव्हर फाटलेलं, आतल्या पानांवर कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. रात्री भांडी आवरली की शब्दकोश घेऊन एक-एक पान वाचायचं, असं ठरवलं.

एचटीएमएल म्हणजे काय, तर लिहिलेल्या मजकुराला खुणा करायची पद्धत. शाळेत बाई वहीत लाल पेनानं खुणा करायच्या, की हे शीर्षक, हा नवा परिच्छेद, तसंच हे. बाणाच्या टोकासारखे दोन कंस असतात, त्यात इंग्रजी अक्षर लिहायचं. कंसात पी लिहिलं की परिच्छेद सुरू. तो संपला की पुन्हा कंसात पी, पण आधी एक तिरपी रेघ. एच आणि एक म्हणजे मोठं शीर्षक. टेबल म्हणजे तक्ता, टीआर म्हणजे तक्त्यातली ओळ, टीडी म्हणजे त्यातला एक चौकोन. आमचं आजचं पूर्ण पान फक्त चौदा प्रकारच्या खुणांवर उभं आहे, मी मोजल्यात. चौदा शब्द आपण कुणीही शिकू शकतो. पापडाच्या लाटीचं प्रमाण यापेक्षा अवघड असतं.

आणि शिकताना इंटरनेट लागत नाही, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. संगणकातल्या नोटपॅडमध्ये लिहायचं, फाईलच्या नावापुढं टिंब देऊन एचटीएमएल असं लावायचं आणि तीच फाईल ब्राउझरमध्ये उघडायची. रेंज नसली तरी पान दिसतं. आमच्या गावात हे फार सोयीचं पडलं.

ही पद्धत आली कुठून? टिम बर्नर्स-ली नावाचे इंग्लंडचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होते. वेगवेगळ्या संगणकांवर अडकलेली माहिती एकमेकींना जोडायची कल्पना त्यांनी १९८९ साली मांडली. ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं जाहीर केलं, की हे तंत्र कुणीही वापरावं, त्याचे पैसे नाहीत. म्हणून तर आज आपल्या गटाला पान लिहायला कुणाला परवान्याची फी द्यावी लागत नाही. पान इंटरनेटवर ठेवायच्या जागेचं वर्षाचं भाडं आणि नावाचे पैसे तेवढे भरावे लागतात, ते आम्ही आधीपासून भरतच होतो.

आता माझ्या फजित्या ऐका. पहिल्याच दिवशी फाईल ब्राउझरमध्ये उघडेना. उघडली तर नोटपॅडमध्येच, कंसांसकट. दोन रात्री गेल्या. शेवटी कळलं की नोटपॅडनं माझ्या नावापुढं गुपचूप स्वतःचं टीएक्सटी जोडलं होतं. जतन करताना 'ऑल फाइल्स' निवडायचं, मग तसं होत नाही. दुसऱ्यांदा मराठीत लिहिलं, जतन केलं, सकाळी उघडलं तर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. लॅपटॉप जुना, त्यातलं नोटपॅड मराठी अक्षरं धरून ठेवत नव्हतं. जतन करायच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडायचं आणि पानाच्या वरच्या भागातही तसं एका ओळीत लिहायचं. दोन्ही केलं की मराठी शाबूत राहते. पुस्तक परदेशातलं, त्यात हे कुठून असणार!

तिसरी फजिती सगळ्यांत मोठी. एके रात्री पान उघडलं तर कोरं. पांढरं फटक. लिहिलेलं सगळं फाईलमध्ये होतं, पण पानावर एक अक्षर नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं. पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून वाचत गेले, तर टायटल ही खूण उघडली होती आणि बंद करायची राहिली होती. ब्राउझर बिचारा पुढचं सगळं पान पानाचं नावच समजत बसला. गोठ्याचं फाटक उघडं राहिलं की गुरं कुठं जातील सांगता येत नाही. तेव्हापासून मी खूण उघडली की आधी ती बंद करून घेते आणि मग मधला मजकूर भरते.

पुस्तक जुनं असल्यानं काही गोष्टी त्यात कालबाह्य होत्या. अक्षर मोठं करायला, रंगवायला फाँट नावाची खूण त्यात पानोपानी होती. ती आता वापरू नये असा नियम झालाय, तरी ब्राउझर अजून चालवून घेतो. मोबाईलचं तर नावच नव्हतं. माझं पान लॅपटॉपवर छान दिसायचं आणि फोनवर मुंगीएवढं. व्ह्यूपोर्ट नावाची एक ओळ वर घालावी लागते, मग अक्षर फोनच्या मापात येतं. हे मला महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीनं सांगितलं. पुस्तकावर मी रागावले नाही, पाया त्यानंच शिकवला.

फोटोची एक गोष्ट सांगते. फोटोच्या खुणेत ऑल्ट म्हणून जागा असते, तिथं फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं. रेंज कमी असली आणि फोटो आला नाही तर ते शब्द दिसतात. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तेच शब्द मोठ्यानं वाचून दाखवतो. आम्ही लिहिलं, 'पितळी डब्यात शेंगदाण्याची तिखट चटणी'.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायची खूण असते, तिला लिंक म्हणतात. तक्ता आणि लिंक दोन्हींचा सराव करायला मी आमच्याच गटाचा बचतीचा तक्ता केला. खरी नावं, खरी बचत, कर्जाची बाकी आणि शेवटच्या रकान्यात 'थकीत'. मुख्य पानावरून त्याला जोड दिली, नाव दिलं 'हिशोब'. सराव होता, लॅपटॉपपुरता. दीड महिन्यानं त्या मुलाकडून पासवर्ड मिळाला आणि आनंदाच्या भरात मी पूर्ण फोल्डर उचलून इंटरनेटवर चढवलं. तक्ताही त्यात गेला. जोड तशीच राहिलेली.

तिसऱ्या दिवशी गटातल्या एका काकूंच्या मुलीचा फोन आला. "ताई, माझ्या आईचं नाव थकीत म्हणून सगळ्या जगाला वाचायला ठेवलंय का?" काकूंच्या घरात त्या वर्षी मोठं आजारपण झालेलं. हप्ते का राहिले ते गटाला माहीत होतं, गटानं मुदतही वाढवून दिली होती. पण तक्त्याला कारण माहीत नसतं, त्यात फक्त रकाना असतो. मी दहा मिनिटांत ते पान काढलं. काढलं तरी मधल्या दोन दिवसांत कुणी पाहिलं, कुणी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला, ते माझ्या हातात राहिलं नाही.

काकू दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले, ओसरीवर बसले, चूक कबूल केली. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या एवढंच, "वहीला कुलूप असतं गं बाई." त्या आता बैठकीला येतात, पण माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. त्यांचं चुकत नाही.

त्यानंतर गटानं ठराव केला आणि इतिवृत्तात लिहिला. पानावर चढवायचं ते आधी बैठकीत मोठ्यानं वाचायचं. कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही. दोघींनी नको म्हटलं, त्यांचे लावले नाहीत, कारण विचारलं नाही. बचत-कर्जाचं काही पानावर येणार नाही. आणि नंबर कुणा एकीचा नको, गटाच्या नावचं वेगळं सिम घेतलं. तो फोन महिन्याची ऑर्डर सांभाळणारीकडे राहतो. अध्यक्ष बदलल्या तरी नंबर तोच. त्या नंबरला खूण अशी केलीय की फोनवर त्यावर बोट ठेवलं की थेट लागतो.

आता दर बदलला की दहा मिनिटांचं काम. मागच्या आठवड्यात कडक भाकरीच्या पाकिटाचा दर कोषाध्यक्ष मावशींनी स्वतः बदलला. इंग्रजी चौथीपर्यंतचं, पण दोन टीडींच्या मधला आकडा शोधायचा आणि तेवढाच बदलायचा, हे त्यांना नीट जमतं. पुण्याच्या त्या दुकानदाराला नवा नंबर कळवलाय. त्यानं पाच किलो मागवून बघितली, पुढचं बघू.

कुणाला शिकायचं असेल तर शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही समाजमंदिरात बसतो. लॅपटॉप एकच आहे, पाळीपाळीनं घेतो. वही-पेन आणा, खुणा आधी कागदावरच लिहायच्या आहेत. आणि सरावासाठी नावं मनची घेऊन या, खरी नकोत.