बंदरावर उतरल्यावर आपलं आपण
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



नव्या पद्धतीची पहिली दहावी आपली, १९७५ ची. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडल्या आणि कॉलेजात एका बाकावर तिघं बसलो. तेव्हापासून दाटीवाटीत जागा करून घ्यायची सवय आपल्याला आहे. आज संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझी हवाई सफर'. खुलासा करतो, विमानाबद्दल बोलणार नाही. हवाई नावाची बेटं आहेत, पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, तिथे आम्ही दोघं २०२४ मध्ये आठवडाभर बोटीने फिरलो. दुसरी व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे. 'ब' तुकडीत खिडकीजवळ बसायची, आता समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. त्यामुळे मी मोजूनमापून बोलेन.

आपल्यापैकी निम्म्यांची मुलं परदेशात आहेत. तिथे गेल्यावर आपली काय अवस्था होते हे सांगायला नको. घर छान, फ्रीज भरलेला, पण दाराबाहेर चालत जाण्याजोगं काही नाही. मुलाला सुट्टी असेल तेव्हा तो गाडीत बसवतो, दाखवायचं ते दाखवतो आणि परत आणून ठेवतो. प्रेमाने करतो, त्यात शंका नाही. पण आयुष्यभर स्वतःचं तिकीट स्वतः काढलेल्या माणसाला तीन महिन्यांत आपण पार्सल झालो असं वाटू लागतं. त्यात हिचे गुडघे. "तुम्ही फिरून या, मी घरीच बरी," हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की मला त्याची भीती वाटायला लागली. एकदा माणूस 'घरीच बरं' म्हणायला लागला की घर हळूहळू लहान होत जातं.

मुलाने आणि सुनेने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून या बोटीचं तिकीट काढून दिलं. 'प्राइड ऑफ अमेरिका' हे तिचं नाव. २००५ पासून ती याच बेटांत फिरते. होनोलुलूहून शनिवारी निघते, माउई, हिलो, कोना, काउआई करून पुढच्या शनिवारी परत. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, वाटेत परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं. ही बोट अमेरिकी झेंड्याची, म्हणून ती या बेटांबाहेर जातच नाही. आपल्या लोकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पुन्हा परदेशातून अमेरिकेत शिरण्याचा आणि व्हिसाचा प्रश्न उद्भवत नाही.

आता मुख्य मुद्दा. बोट बंदराला लागली की तुम्ही काय करायचं? बोटीवर सहली विकत मिळतात, कित्येकींचे दर माणशी शंभर डॉलरच्या वर. नाहीतर आपलं आपण उतरायचं आणि फिरायचं. दुसऱ्या मार्गाला एकच अट असते. बोटीने नेलेली सहल उशिरा आली तर बोट सहसा थांबते. तुम्ही एकटे उशिरा आलात तर थांबत नाही. सुटायच्या साधारण अर्धा तास आधी आत असावं लागतं. पुढचं बेट विमानाने गाठा, खर्च तुमचा. आता मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. सुटलेल्या गाडीमागे धावणारी माणसं मी हजारोंनी पाहिली आहेत. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, सहलीच घ्या, उगाच जोखीम नको," तर मी म्हटलं, वेळापत्रक वाचणं एवढं एकच काम मला येतं, ते तरी करू दे.

रात्री दोघं टेबलाशी वही घेऊन बसलो. पहिलं लक्षात आलं ते असं की माउईच्या काहुलुई बंदरात आणि काउआईच्या नाविलिविली बंदरात बोट रात्रीचा मुक्काम करते. म्हणजे तिथल्या पहिल्या दिवशी बोट सुटण्याची भीतीच नाही. सगळा शहाणपणा यातच आहे: लांबचं जे काही असेल ते मुक्कामाच्या पहिल्या दिवशी, आणि बोट सुटण्याच्या दिवशी धक्का नजरेत राहील एवढंच फिरायचं. दुसरा नियम माझ्या नोकरीतला. परतीला शेवटची बस धरायची नाही, शेवटून तिसरी धरायची. एक चुकली, एक आली नाही, तरी तिसरी हातात राहते.

काहुलुईला उतरलो तो रविवार होता. माउईची सार्वजनिक बस रविवारीही चालते. तिकीट दोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण एकशेसत्तर रुपये, आणि दिवसभराचा पास चार डॉलरचा. सुटे पैसे नेमके लागतात. ही धक्क्यावर म्हणाली, "पायरी उंच असेल तर मी चढणार नाही, आधीच सांगते." बस आली, ड्रायव्हरने हिच्याकडे पाहिलं आणि कळ दाबली. बसचा पुढचा भाग फुस्स करून खाली बसला, पायरी फूटपाथच्या जवळ आली. माणसाच्या गुडघ्यांसाठी बस गुडघे टेकते, हे मी पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. अपंगांसाठीच्या १९९० च्या कायद्यामुळे तिथे बसमध्ये अशा सोयी असतात. हिला व्हीलचेअर लागत नव्हती, नुसती उंचीची धास्ती होती. ती तिथल्या तिथे गेली.

बस दक्षिणेला किहेईकडे जाते. वाटेत मैलोन्मैल जी मोकळी जमीन दिसते तिथे पूर्वी ऊस होता. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस बंद झाला. आपल्या वर्गातल्या साखर कारखान्यात नोकरी केलेल्या मंडळींची मला आठवण झाली. किहेईला रस्त्याला लागूनच कामाओले नावाचे वाळूचे किनारे आहेत. उतरायचं असलं की खिडकीवरची दोरी ओढायची, घंटा वाजते. ती दोरी हिने ओढली. मग किनाऱ्यावर बाकावर बसून आम्ही बोटीवरून बांधून आणलेली केळी खाल्ली. समोरून दोन कासवं गेली. परतीला शेवटून तिसरी बस धरायची म्हणून मी उठलो, तर ही म्हणाली, "आज बोट कुठे सुटणार आहे? पुढच्या बसने जाऊ." तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने 'अजून थोडं थांबू' म्हटलं होतं. अर्थात थांबलो.

याच बेटावर लहैना हे गाव ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत जळालं, शंभराहून जास्त माणसं गेली. बस तिकडेही जाते. आम्ही गेलो नाही. दुसऱ्याचं दुःख हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, असं आम्हा दोघांचं मत पडलं.

सगळीकडे बस पुरते असं मात्र नाही. माउईवरचा हालेआकाला पर्वत १०,०२३ फूट उंच, तिथे सार्वजनिक बस जात नाही, आणि सूर्योदयाला गाडी न्यायची तर आधी आरक्षण लागतं. उजव्या बाजूने गाडी चालवण्याचं वय माझं नाही, म्हणून तो बेत सोडला. हिलोला धक्क्यापासून किलाऊआ ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान तीसेक मैलांवर. बस आहे, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या, आणि बोट त्याच संध्याकाळी सुटणारी. 'शेवटून तिसरी' हा नियम लावला तर जायलाच नको. टॅक्सीने जाता येईल, पण डोंगरावर परतीची टॅक्सी मिळेलच याची खात्री कोण देणार? तिथे आम्ही मुकाट्याने बोटीची सहल घेतली. आपलं आपण फिरणं म्हणजे हट्ट नव्हे. कुठे मदत घ्यायची हे आपण ठरवलं, तर तेही आपलंच फिरणं.

इथे भूगोलाच्या सरांचे आभार मानायचे आहेत. सर, पर्जन्यछायेचा प्रदेश तुम्ही आम्हाला फळ्यावर घाट काढून शिकवलात. इकडे कोकण भिजतं, घाटापलीकडे माण-खटाव कोरडं. हवाईत वारे बहुतेक ईशान्येकडून येतात आणि मध्ये तेरा हजार फुटांचे डोंगर. म्हणून एकाच बेटावर पूर्वेचं हिलो कायम ओलं आणि पश्चिमेचं कोना उन्हात. आम्ही हिलोला छत्री घेतली, कोनाला टोपी. बाकीचे प्रवासी दोन्हीकडे उलट करत होते.

कोनाला मोठ्या बोटीसाठी धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. शेजारची अमेरिकन बाई घाबरली होती. हिने तिचा हात धरून तिला होडीत घेतलं. मुंबईची बोट बाहेर उभी राहायची आणि आपण पडावातून, पाटलोण वर करून, किनाऱ्याला लागायचो, त्या गावची मुलगी ती! उतरल्यावर सगळं चालण्याच्या अंतरात आहे. १८३८ चा हुलिहे राजवाडा, समोर १८३७ चं दगडी चर्च, कॉफीची दुकानं. इथे बस नको, टॅक्सी नको. फक्त परतीच्या होडीला रांग लागते, ती वेळ हिशेबात धरायची.

नाविलिविलीला मुक्कामाच्या दिवशी आम्ही बसने कापाआपर्यंत जाऊन आलो, तिथेही साधं तिकीट दोन डॉलर. वायमेआची प्रसिद्ध दरी बसच्या वाटेवर नाही, ती राहिली. दुसऱ्या दिवशी बोट दुपारी सुटणार होती, म्हणून धक्क्यापासून पायी कालापाकीच्या पुळणीवर गेलो आणि वेळेआधी परत आलो. बोट सुटल्यावर ना पाली किनाऱ्याचे उभे कडे डेकवरूनच दिसतात, त्याला कुठेही उतरावं लागत नाही.

आठवड्याचा बसचा खर्च दोघांचा मिळून एका सहलीच्या एका तिकिटापेक्षा कितीतरी कमी झाला. पण मुलाला मी तो आकडा सांगितला नाही. त्याला सांगितलं ते एवढंच, की परतल्यावर पहिल्याच सोमवारी तुझ्या आईने विचारलं, "इथे बसथांबा कुठे आहे?" तिथेही तो होता. घरापासून वीस मिनिटांवर. तीन महिने आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण घरातल्या कोणाला त्याची कधी गरजच पडली नव्हती.

मित्रहो, सगळ्यांनी हवाईला जावं असं मी म्हणत नाही. पैसा, तब्येत, घरची जबाबदारी, प्रत्येकाचं गणित वेगळं. मी आपल्या वर्गाला तीन गोष्टी सांगतो, त्या अलिबागला जातानाही चालतात. लांबचं आधी, जवळचं शेवटी. परतीला शेवटून तिसरी गाडी. आणि जिथे जमणार नाही तिथे न लाजता मदत घ्यायची, पण ते आपण ठरवायचं. आपण सगळे आता सहासष्टच्या आसपास आहोत. मुलं आपल्याला जपतात हे आपलं भाग्य. पण त्यांनी जपताना आपल्याला उचलून ठेवू नये, याची काळजी आपणच घ्यायला हवी. रोज एक तिकीट तरी स्वतःचं स्वतः काढावं.

घंटा वाजायची वेळ झाली. ज्यांना वही बघायची असेल त्यांनी जेवणानंतर दुसऱ्या रांगेत भेटावं. वही हिच्या पिशवीत आहे. वेळापत्रकं आता तीच लिहिते.