खान्देशाचा पक्षी



एप्रिल सरत आला की जळगाव, भुसावळ आणि धुळे ही नावे राज्यभरच्या बातम्यांत येऊ लागतात. पारा 44 वर गेला, 45 च्या पुढे सरकला, एवढेच त्या बातमीत असते. मृगाच्या सरी आल्या की बातमी थांबते आणि खान्देशही लोकांच्या नजरेआड होतो. उन्हाचा आकडा खरा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण एखाद्या प्रदेशाची ओळख त्याच्या उच्चांकावरूनच व्हावी, हे मला मान्य नाही. आपल्या भाषेत विक्रम आणि नोंद हे दोन वेगळे शब्द आहेत. पुढच्या उन्हाळ्यात नवा आकडा आला की जुना विक्रम मोडतो. नोंद मात्र शंभर वर्षांनीही उपयोगी पडते. खान्देशाची ओळख सांगायला आपण नोंदीचा आधार घ्यावा, आणि त्या नोंदीतून निघालेले एक मानचिन्ह या भागाने स्वतःहून स्वीकारावे, असे मला आज सुचवायचे आहे.

1 मे 1960 रोजी स्थापन झालेले आपले राज्य 3,07,713 चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. एवढ्या मोठ्या राज्याने आपला निसर्ग मोजक्या चिन्हांत सांगितला आहे. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल. 2015 मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू झाले, 2020 मध्ये पांढरी चिप्पी हे कांदळवनाचे झाड आणि 2023 मध्ये पापलेट हा मासा या यादीत आला. यांतली प्रत्येक निवड योग्यच आहे. तरीही शेवटची दोन चिन्हे खाऱ्या पाण्याची आहेत आणि शेकरू म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भीमाशंकरचे रान उभे राहते. आपल्या तापीचे पाणी समुद्राला मिळते तेसुद्धा सुरतेजवळ, गुजरातेत. राज्याच्या उत्तर टोकाची उघडी, पानगळीची, उन्हात तावून निघणारी राने या चिन्हांत कुठेच ठळकपणे दिसत नाहीत. ही तक्रार नव्हे. एका यादीत सगळा महाराष्ट्र मावणार नाही, म्हणून उरलेले काम प्रदेशांनी स्वतः करायचे असते.

खान्देशाची ठेवणच वेगळी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट पट्ट्यातून वाहणारी तापी. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावून ती सुमारे 724 किलोमीटर वाहते. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेची वाट धरतात, ही पश्चिमेकडे जाते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या तिला डावीकडून लांबून येऊन मिळतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या मात्र आखूड आणि वेगवान. त्यांनी पायथ्याशी टाकलेल्या गाळावर यावल-रावेरची केळी उभी आहे. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या माणसाने बांधलेल्या नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर येताना आत थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रज्ञांनी अशा दोनशेहून अधिक भिंतींची मोजदाद केली आहे. त्यांतली सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटरांची आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ सा. आ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. त्यांतल्या एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे, आणि तिचे वय पंचवीस हजार वर्षांच्या आसपास मानले जाते. म्हणजे याच भूमीवर एके काळी शहामृग वावरत होते. पाटण्याला कोणी थंडगार डोंगरी ठिकाण म्हणणार नाही. तरी केवढा ठेवा त्या मातीत होता!

पण मानचिन्ह म्हणून मला शहामृग सुचवायचा नाही, दगडी भिंतही नाही. मी सुचवतो तो रानपिंगळा. वीतभर लांबीचे हे घुबड. 1872 मध्ये तो मध्य हिंदुस्थानच्या पूर्व भागात शास्त्रज्ञांना पहिल्यांदा मिळाला. पुढे खान्देशात नोकरीला असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या रानांत तो पाहिला, त्याचे नमुने जमवले आणि पश्चिम खान्देशच्या पक्ष्यांची यादी 1882 मध्ये छापून ठेवली. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणालाच सापडला नाही. संग्रहालयांत उरले ते मोजके सात नमुने. पक्षी नामशेष झाला, असेच पुष्कळ जण धरून चालले. मग 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला, दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर बसलेला. तब्बल 113 वर्षांनी. शहादा तालुका त्या दिवशी धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी.

या शोधात नशिबाचा भाग थोडा आणि कागदाचा मोठा होता. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ठिकाण आणि तारीख लिहिलेली होती, म्हणून कुठे जायचे हे कळले. याच्या नेमकी उलट गोष्टही याच पक्ष्याच्या बाबतीत घडली आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात 1914 साली गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवलेला म्हणून एक रानपिंगळा होता. अभ्यासक त्या नोंदीवर विसंबून मांडवीच्या बाजूला शोधत राहिले. शेवटी रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 1999 मध्ये सिद्ध केले की तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचा, संग्रहालयातून उचललेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. नोंद नसली तर आपण निदान सगळीकडे शोधतो. खोटी नोंद भलत्याच रानात नेते आणि खऱ्या रानाकडे पाठ फिरवायला लावते. अचूक नोंदीचे मोल इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पक्षी मला महाराष्ट्रात दिसत नाही. खान्देशाशी त्याचे नाते जुळते तेही इथेच. पाटण्याच्या देवळातल्या शिलालेखाने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी 1207 मध्ये दिलेले दान आजवर सांभाळले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आपल्या हाती आली. इतिहासाचार्य राजवाड्यांचे कागद धुळ्याच्या संशोधन मंडळात जपले गेले. शब्द जपणाऱ्या या भूमीने आपल्या रानाचीही नोंद तितक्याच निष्ठेने ठेवावी.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हा पक्षी फक्त खान्देशचा नाही. खरे आहे. तो मेळघाटात आहे, मध्य प्रदेशात आहे, ठाणे जिल्ह्यात तानसाच्या जंगलातही आढळला आहे. पण आंबा तरी एकट्या महाराष्ट्राचा कुठे आहे? चिन्हाला मक्तेदारी लागत नाही, नाते लागते. हरवलेला रानपिंगळा जगाला परत मिळाला तो इथल्या रानात, आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही तो राहतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. घुबड अशुभ, त्याला मानाचे स्थान कसे द्यायचे? पण आपल्याच परंपरेत पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा आहे. पिंगळा पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी लोकांची समजूत. ज्या पाखराच्या बोलीवर भविष्य ऐकले, त्याला अशुभ म्हणणे आपल्याला शोभत नाही. शिवाय सरडे, उंदीर, नाकतोडे हे त्याचे खाणे, म्हणजे तो शेतकऱ्याच्या बाजूचाच. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली आणि मारली जातात, हे तर अजूनही थांबलेले नाही. लोकांच्या मनातली ही भीती जावी, यासाठीसुद्धा असे चिन्ह हवे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खान्देशाचे चिन्ह केळी आहे, 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले, मग पक्षी कशाला? केळी ही आपल्या कष्टाची खूण आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. पण केळी पाण्यावर जगते. यावल-रावेरच्या विहिरी आणि कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. त्यांत पाणी भरते ते सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे डोंगरावरून आलेले पाणी भरड गाळात मुरते. वर झाडोरा असेल तर पाणी सावकाश उतरते. उतार उघडा पडला की ते माती घेऊन तापीत जाते. रानपिंगळा राहतो तो याच सागाच्या, पानगळीच्या रानात. 2018 मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने त्याची वर्गवारी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. थोडा दिलासा आहे, पण रान तुटत राहिले तर तो टिकणार नाही. घड पोसला जातो तळात आणि पिंगळा बसतो वरच्या उतारावर, पण दोघांचे पोशिंदे रान एकच आहे.

हे ठरवायचे कोणी? मुंबईतल्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. केरळातल्या कासरगोड जिल्ह्याने आपले झाड, फूल, पक्षी आणि कासव जिल्ह्याच्या पातळीवर जाहीर केले आहे. दूर उत्तर ध्रुवाजवळच्या अलास्काचा झेंडा 1927 मध्ये एका शाळकरी मुलाने रेखाटला. निळ्या पटावर सप्तर्षी आणि ध्रुवतारा. तो प्रदेश पुढे 1959 मध्ये अमेरिकेचे राज्य झाला, तरी झेंडा तोच राहिला. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदा ठराव करू शकतात, आणि त्याआधी आपल्या शाळांतल्या मुलांना विचारू शकतात.

ठरावाइतकेच महत्त्व गावाच्या वहीला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता समिती नेमायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडे, पाखरे, मासे, औषधी वनस्पती, देशी वाण हे सारे त्या वहीत यायला हवे. पावरा आणि भिल्ल समाजातल्या जाणत्यांना रानाची जेवढी माहिती आहे, तेवढी कोणत्याही पुस्तकात नाही. ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीतल्या नावांसह उतरवली जावी आणि सांगणाऱ्याचे नावही तिथे लिहिले जावे. श्रोतेहो, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा आपल्या गावाची ही वही मागून बघा. त्यात पक्ष्यांचे पान कोरे असेल, तर पहिली ओळ तुम्ही लिहा, ठिकाण आणि तारखेसकट.